उजवी पाकळी

वृद्धांची सुरक्षितता हा सुसंस्कृत समाजाचा पाया असून त्या पायाशी कोणतीही तडजोड होता कामा नये, अशी हरिश्चंद्र परबांची ठाम धारणा होती. ही धारणा त्यांना नव्या परिपत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदातून मिळाली होती. त्याआधी ते शाळांमधली खिचडी तपासत. तेव्हा समाजाचा पाया बालकं होती.

परब जिल्ह्याच्या एका कार्यालयात तपासणी अधिकारी होते. निवृत्ती जवळ आलेला, पोट थोडं सुटलेला, प्रामाणिक माणूस. प्रामाणिक म्हणजे तपासणी संपेपर्यंत ते चहासुद्धा घेत नसत. संपल्यावर चहा, पोहे आणि हंगाम असेल तर आंबे घेत. त्यांच्या पिशवीत एक मोजपट्टी, एक विजेरी आणि न्हाणीतलं पाणी किती गरम आहे हे पाहायला एक थर्मामीटर असे. या तीन हत्यारांनिशी ते जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांचं रक्षण करत.

कसालच्या पुढे, हायवेला अगदी लागून, 'निवांत ज्येष्ठ निवास' होता. नाव ठेवलं तेव्हा हायवे चौपदरी व्हायचा होता. आता ट्रक गेला की खिडक्यांच्या काचा थरथरत. आतली मंडळी बोलता बोलता थांबत आणि ट्रक लांब गेला की राहिलेला शब्द पुरा करत. सवयीनं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की हायवे बंद असला तरी ती मधेच थांबत.

व्यवस्थापक मितेश गोव्याच्या एका हॉटेलात काही वर्षं काढून आला होता. त्यामुळे त्याला टॉवेलची घडी हंसासारखी घालता येत असे. परब शिरले तेव्हा प्रत्येक खाटेवर एकेक हंस बसलेला होता. हे हंस फक्त तपासणीच्या दिवशी येतात, हे परबांना ठाऊक होतं. पण हंसांबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

तपासणी सुरू झाली. दारातल्या रॅम्पचा उतार बरोबर भरला. गेल्या वर्षी संडासात धरायला दांडे नव्हते, तसा शेरा परबांनी मारला होता. आता दांडे सगळीकडे होते. संडासात होते, व्हरांड्यात होते, गणपतीच्या तसबिरीखालीही एक होता. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं. सुरमई काटे काढून वाढत होते. पाणी हवं तेवढंच गरम होतं.

"आणि सर, वर्षभरात पडण्याची एकही घटना नाही," मितेश म्हणाला.

परबांनी हॉलमध्ये पाहिलं. भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती आणि रांगेत माणसं बसली होती. नाश्ता झाल्यावर बसलेली, जेवणापर्यंत बसणार.

"चालत नाहीत ही?"

"आम्ही चालूच देत नाही, सर. उगाच रिस्क कशाला?"

यात दोष काढता येईना. माणसं किती पडली हे विचारायचं होतं. किती चालली हे विचारायचं नव्हतं. परबांनी 'समाधानकारक' असं लिहिलं. हा त्यांचा आवडता शब्द होता. घरी बायकोनं आमटी कशी झाली विचारलं तरी ते समाधानकारक म्हणत.

यंदा मात्र एक नवीन प्रश्न आला होता. प्रत्येक निवासीला एकट्याला बसवून, व्यवस्थापक हजर नसताना, विचारायचं: आपण इथे स्वतःच्या इच्छेने राहता का? उत्तर होय किंवा नाही. मितेशनं त्यासाठी आपली खोली मोकळी करून दिली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. दाराला कान लावून तो उभा नसावा, एवढा सभ्यपणा त्याच्याकडे होता असं परबांनी गृहीत धरलं.

पहिल्या आल्या चंद्रावतीबाई. जन्मभर मालवणच्या बाजारात मासे विकलेली बाई, अजूनही समोरच्याच्या चेहऱ्याकडे गिऱ्हाईकासारखीच बघणारी.

"इच्छा?" त्या म्हणाल्या. "माझी इच्छा इचारूक तू सरकारातसून इलंस? घोवान सुदा कधी इचारल्यान नाय."

"मग होय लिहू?"

"लिही बाबा. तुका पण घराक जावचा असतला."

पुढचे सगळे होय म्हणाले. काही जण प्रश्न संपायच्या आत म्हणाले. काही जण प्रश्न न ऐकताच म्हणाले. अखेर एक ऐंशीच्या घरातला काटक म्हातारा आला. अंगात कुठल्याशा मॅरेथॉनचा दान आलेला टी-शर्ट, छातीवर 'धावा आरोग्यासाठी' असं छापलेलं. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं खुर्ची हातानं पुसली, देवळात बसायची जागा पुसतात तशी.

"आपण इथे स्वतःच्या इच्छेने राहता का?"

"कौल झालो," म्हातारा म्हणाला.

परबांचं पेन थांबलं.

कौल म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गावचा गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवापुढे प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, भावाला कोर्टात खेचावं की नाही, सगळं त्या पाकळ्यांवर ठरे. आणि एकदा ठरलं की त्यावर अपील नसे. परबांच्या आईचं माहेर किनाऱ्यावरच्या ज्या गावात होतं, तिथल्या देवाचा कौल तर लांबलांबचे लोक मागायला येत. तिथला गुरव...

त्यांनी चष्मा वर केला. टी-शर्टमुळे ओळख पटली नव्हती.

"दाजी? दाजी गुरव?"

"तुमी खंयचे?"

परबांनी आईचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. म्हाताऱ्याचा चेहरा थोडा उघडला.

"परबांचो झील तू? मोठो झालंस रे मेल्या. सायब झालंस." मग जरा वेळानं, "आवस कशी आसा?"

"गेली ती, दाजी. बरीच वर्षं झाली."

"आमची मथुरा पण गेली." मथुरा म्हणजे दाजींची बायको.

हायवेवरून ट्रक गेला. दोघे थांबले. मग परबांनी कार्यालयीन मराठी बाजूला ठेवली.

"दाजी, देवाचा जावंदे. तुमची इच्छा काय ता सांगा. माका हंय फकत होय नायतर नाय लिहूचा आसा."

दाजींनी दाराकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली.

"सुशांत इलो गेल्या मे महिन्यात. माझो झील, डोंबिवलीक आसता. म्हणता, बाबा, घर पर्यटकांसाठी करूया, सगळेच करतत. मी म्हटलंय, कर. मगे म्हणता, तुमी एकटे, पडलास-बिडलास तर बघतलो कोण? मी म्हटलंय, मी खंय पडतंय? मगे म्हणता, आपण देवाक इचारूया."

"मग?"

"मगे इचारला. गुरव कोण? मीच."

परबांच्या डोळ्यांपुढे तो गाभारा उभा राहिला. बापाला घराबाहेर ठेवावं का, हे बापालाच देवाला विचारायला लावलं होतं, आणि यात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं, कारण विचारायचा मान त्याचाच होता.

"पाच मानकरी उभे," दाजी सांगत होते. "मी गाऱ्हाणा घातलंय. बा म्हाराजा, ह्यो दाजी गुरव, तेका झील सोयीच्या जागेत ठेवूचा म्हणता. ता तुझ्या मनात आसात तर उजवी दी. पाठसून सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा."

"आणि उजवी पडली."

"पडतलीच. ती मीच कमी भिजवलंय."

परबांना आधी नीट कळलं नाही. दाजींनी दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. कमी भिजलेली पाकळी आधी सुटते. एवढंच होतं ते.

"तुमी... सगळे कौल असेच?"

"सगळे नाय. जो खराच इचारूक येता, तेका देवाचो. पण म्होप जणांचा घराकच ठरलेला आसता. तेंका देवाची फकत सही व्हयी आसता. चेहऱ्यार कळता." दाजी टी-शर्टच्या कडेशी चाळा करत होते. "माझ्या झिलाचो चेहरो बघलंय. बॅग भरून दारात ठेवलेली. पाच माणसांसमोर देव तेका नाय म्हणालो असतो, तर तो परत देवळाची पायरी चढलो नसतो. आणि झिलाच्या मनात नसताना मी थंय रवान करतलंय काय?"

"पण तुमच्या मनात काय हुता?"

"माझ्या?" असा प्रश्न आपल्याला कुणी विचारेल, याची त्यांनी तयारीच केलेली नव्हती. "माका घराक जावचा आसा. थंय मी काळोखात विहिरीर जातंय. हंय उजेडात बसान आसंय."

परबांनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, आपण लिहिलेल्या एका शब्दानं कुणाचं काही होईल, अशी वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. त्यांनी दाजींना कायदा समजावून सांगितला. घर कुणाच्या नावावर? माझ्याच. मग तर झालंच. मुलाला बोलावून घेऊ. त्याच्यासमोर तुम्ही एवढंच सांगायचं की कौल देवाचा नव्हता, मी तसा पाडला, आणि माझी इच्छा घरी जायची आहे. मग माझा अहवाल प्रांतांकडे जाईल. तुम्हाला तुमच्या घरातून कुणी हलवू शकत नाही.

"सांगतलास?"

"सांगतंय," दाजी म्हणाले. आणि ते हसले. पुढचे दात नव्हते.

परब उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"दाजी, माझ्या आवशीन माझ्या लग्नाचो कौल लावलेलो. तुमीच लावलास. बांद्याचा एक चेडू हुता, आमी कॉलेजात एकत्र हुतो. तेच्यार डावी पडली. मगे आता जी आसा, तिच्यार उजवी."

"तुझो देवाचोच हुतो," दाजी म्हणाले.

फार पटकन म्हणाले. परबांनी अनेक वर्षं मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापकांना प्रश्न विचारले होते. पाणी उकळूनच देतो सर, गॅसची नळी बदललीय सर, ही उत्तरं ज्या वेगानं येतात तो वेग त्यांना ओळखता येत असे.

त्या संध्याकाळी घरी जेवताना ते बायकोकडे बघत राहिले. संजना चांगली होती. दोघांचं कधी मोठं भांडण झालं नव्हतं, मुलगी शिकून नोकरीला लागली होती, संसार समाधानकारक होता. बांद्याची ती मुलगी पुढे कुठे शिक्षिका झाली, एवढंच त्यांना माहीत होतं. आणि कौल डावा पडला म्हणून त्यांनी तिची चौकशीही कधी केली नव्हती. देवाशी भांडायचं नसतं.

"काय बघतास?" संजनानं विचारलं.

"काय नाय."

"आमटी कशी झाली?"

"बरी झाली," परब म्हणाले. हा शब्द त्यांनी याआधी वापरला नव्हता, त्यामुळे ती चकित झाली.

"आज काय ता कवतिक? उद्या म्हणशात, बांद्याची केली असती तर अशी आमटी मिळाली नसती." हा तिचा नेहमीचा टोमणा होता, आणि त्यामागून नेहमीचं वाक्यही आलं. "मी माझ्या पायान इलेली नाय हां. माका देवान निवडल्यान."

परब ताटात भात कालवत राहिले.

सुशांत रात्रभर गाडीत बसून आला. चाळिशी उलटलेला, डोळे लाल, शर्टाचा खिसा पेनच्या शाईनं डागाळलेला. येताना त्यानं बापासाठी रबरी तळव्याच्या सपाता आणल्या होत्या, न घसरणाऱ्या. त्या त्यानं पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या आणि मग टेबलावर चपला ठेवायच्या नसतात हे लक्षात येऊन घाईघाईनं खाली ठेवल्या. दाजींनी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता. मितेशनं चहा आणला आणि दार ओढून घेतलं.

परबांनी कार्यालयीन मराठीत सुरुवात केली.

"आपले वडील इथे स्वेच्छेने नाहीत, असं त्यांच्या बोलण्यातून माझ्या निदर्शनास आलं आहे."

सुशांतनं बापाकडे पाहिलं. "बाबा?"

दाजी सपातांकडे बघत होते.

"आपण घर पर्यटकांसाठी केलंत, त्यासाठी त्यांना..."

"साहेब, मला बोलू द्या," सुशांत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "घर पाहुण्यांसाठी करायचं बायकोच्या भावानं डोक्यात भरवलं. एसी बसवले, बोर्ड लावला. मग सगळे म्हणायला लागले, म्हाताऱ्याला मधे कशाला ठेवतोस, पडला तर बोल तुला. बरोबरच होतं त्यांचं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणून मी म्हटलं, देवाला विचारू."

"बॅग तर आधीच भरली होती तुम्ही."

"भरली. बायको समोर उभी होती, भरणार नाही तर काय करणार?" तो बापाकडे वळला आणि त्याची भाषा आपोआप बदलली. "बाबा, आदल्या रात्री मी देवळात गेल्लंय. एकटोच. देवाक सांगलंय, म्हाराजा, डावी दी. तू नाय म्हण. तू नाय म्हटलंस की सगळ्यांची तोंडा गप होतली आणि बाबा घराक रवतलो. मी इतक्या मागणा केलंय, तरी उजवी पडली. मगे मी काय करू? देवाच्या आड जाव?"

हायवेवरून ट्रक गेला. तिघेही थांबले.

परबांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचले होते. कौलाच्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर धास्ती होती, आणि त्यांना ती ठाम निश्चयासारखी दिसली होती. बापानं मुलाचं मन राखायला उजवी पाडली होती आणि मुलगा अंधारात डावी मागून आला होता.

पण काम आता सोपं झालं, असं परबांना वाटलं. एक वाक्य बोललं की दोघांचंही मनासारखं होणार होतं. शासकीय कामात इतका सरळ मामला त्यांनी पाहिला नव्हता.

"मग परत कौल लावा," ते म्हणाले. "आता दुसरा गुरव असेल ना?"

"एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही, साहेब. हे मला बाबांनीच शिकवलंय." सुशांतनं तोंडावरून हात फिरवला. "आई आजारी होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, ऑपरेशन करावं लागेल, वाचतील किंवा नाही वाचणार. बाबांनी कौल लावला. डावी पडली. नेली नाही आम्ही. महिन्याभरात गेली. मी तेव्हा म्हटलं होतं, परत एकदा विचारूया. बाबा म्हणाले, देवाचो शब्द एकच. मी ऐकलं. आजही कधी मनात येतं, नेली असती तर? मग मी स्वतःला सांगतो, तुझं काय चाललंय, देवानं सांगितलं होतं. तेव्हा कुठे झोप लागते."

दाजींचे हात मांडीवर होते. ते हलत नव्हते, आणि इतके हलत नव्हते की परबांचं त्यांच्याकडेच लक्ष गेलं.

आपण याच खोलीत या माणसाला काय सांगायला लावणार होतो, हे परबांना आता कळलं. एक पाकळी बापानं पाडली असेल, तर आईच्या वेळची कुणी पाडली, हा पुढचा प्रश्न सुशांत विचारणारच. विचारला नाही तरी तो डोंबिवलीला जाईल आणि रोज रात्री अंथरुणावर स्वतःला विचारील. आणि उत्तर काहीही असलं तरी त्याला झोप येणार नाही.

तरीही त्यांनी कर्तव्य केलं. निम्मं केलं.

"दाजी, तुम्ही मला त्या दिवशी जे सांगितलंत, ते यांना सांगायचं आहे का?"

"काय सांगितलं बाबांनी?" सुशांतनं विचारलं. दाजींना नाही, परबांना.

वाक्य परबांच्या जिभेवर होतं. साधं, चार-पाच शब्दांचं वाक्य. ते ताटात भात वाढणाऱ्या संजनाचा विचार करत होते. गुरवानं कौल पाडले, ही बातमी किनाऱ्यावरून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला किती वेळ लागला असता, याचाही.

"त्यांनाच विचारा," परब म्हणाले.

दाजींनी मान वर केली. पांढऱ्या सदऱ्यात ते एकदम गाभाऱ्यातल्यासारखे दिसले.

"देवान उजवी दिल्यान," ते म्हणाले. "सायबाक मी म्हटलंय, कधी कधी घराची आठवण येता. तेवडाच. माका हंय बरा आसा."

"म्हणजे स्वेच्छेने?" परबांनी विचारलं.

"व्हय म्हाराजा," दाजी म्हणाले.

सुशांतनं खाली वाकून बापाच्या पायात सपाता घातल्या. एक थोडी घट्ट होती. तो म्हणाला, बदलून आणतंय. दाजी म्हणाले, नको, सैल होतली. मग दाजींनी विचारलं, गाडी कितीची, जेवलंस काय. सुशांत म्हणाला, गाडीत खातंय. बापाच्या पाया पडून तो बाहेर पडला, आणि रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभा असताना त्यानं दोनदा शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. खिडकीतून ते दोघांनाही दिसलं.

रिक्षा गेल्यावर दाजी म्हणाले, "सायबानू, मथुरेचो कौल..."

"दाजी," परब म्हणाले, "माका सांगू नकात."

निवासींशी मोकळेपणाने, एकट्याने बोलून त्यांचं म्हणणं पूर्णपणे ऐकून घ्यावं, अशी परिपत्रकात स्पष्ट सूचना होती. परबांनी पिशवी उचलली. तपासणी संपली असल्यामुळे मितेशनं पोहे आणले. परब म्हणाले, आज नको.

अहवालात सगळ्या निवासींपुढे होय आलं. 'निवांत'ला उत्तम श्रेणी मिळाली. मितेशनं ते प्रमाणपत्र चौकट करून दारात लावलं, आणि लावण्यासाठी स्टुलावर चढताना पडला. त्याच्या पायाला प्लास्टर घातलं, पण तो निवासी नसल्यामुळे त्या घटनेची नोंद करायची नव्हती. दाजी हॉलमधल्या खुर्चीवर बसून असत. पायात सपाता होत्या. त्या सैल झाल्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्या घालून चालायचं नव्हतं.

मे महिन्यात कार्यालयानं प्रत्येक निवासीच्या जवळच्या नातलगाच्या पत्त्याची खातरजमा करायला सांगितलं. ती फोनवरही करता आली असती. परब एसटीनं गेले आणि तिठ्यावर उतरून किनाऱ्यावरच्या त्या गावात चालत शिरले. आईच्या माहेरचं घर आता दुसऱ्यांचं होतं. त्याच्या पुढच्या वळणावर दाजींचं घर होतं. भिंतींना समुद्राचा निळा रंग दिलेला, बाहेर एसीचे पांढरे खोके, दारावर 'सागरस्पर्श होमस्टे, घरगुती पाहुणचार' असा बोर्ड. दाराला कुलूप होतं. विहिरीवर पत्र्याचं झाकण बसवून त्यालाही कुलूप घातलं होतं. कुणी पडू नये म्हणून असावं.

शेजारच्या अंगणात हौसाबाई आमसुलं वाळत घालत होत्या.

"खोली व्हयी काय?" त्यांनी विचारलं. "चावी माझ्याकडेच आसा."

"नको. चौकशीक इलंय. पाहुणे खंय गेले?"

"खंयचे पाहुणे?"

"सीझन ना हो आता? मे महिनो."

"सीझन आसा रे. पण ही पाणंद बघलंस मा? हंय मोठी गाडी येणा नाय. एक कुटुंब इला हुता दिवाळीत, पोरा-टोरा घेवन. गाडी तिठ्यारच अडाकली. सामान उचलून कोण येतलो? फिरवल्यानी आणि गेले तारकर्लीक." त्यांनी एक आमसूल उलटं केलं. "दाजी कसो आसा?"

"बरो आसा," परब म्हणाले.

घराला वर्ष होत आलं होतं. त्यात अजून एकही पाहुणा राहिलेला नव्हता.